काट्यावर न दिसणारी चरबी

हातापायांच्या काड्या, पोट तेवढं सुटलेलं. पन्नाशीतली अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. वजनकाटा त्यांच्याबद्दल काहीच तक्रार करत नाही. रक्ततपासणीत मात्र साखर वाढलेली निघते.

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, अगदी नॉर्मल. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं स्नायूंमध्ये बरीच मागे होती, पण खांद्याच्या पात्याखालच्या त्वचेची चिमटीत मोजलेली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

आता चरबी नुसती साठवण असती तर या आकड्यांचं एवढं कौतुक करायचं कारण नव्हतं. पण चरबीच्या पेशी रक्तात हॉर्मोन सोडतात. याचा सुगावा लागला तो अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत. तिथे डग्लस कोलमन यांनी अतिलठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर यांचा रक्तप्रवाह जोडून दिला, आणि लठ्ठ उंदराची भूक उतरली. साध्या उंदराच्या रक्तातून काहीतरी येत होतं. ते काय, हे 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं: लेप्टिन. साठा पुरेसा आहे, आता खाणं आवरा, असं मेंदूला कळवणारं हॉर्मोन. मग लठ्ठ माणसांना लेप्टिन टोचलं की काम झालं, असं वाटणं साहजिकच होतं. पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. मेंदूच दाद देत नाही.

दुसरं हॉर्मोन अ‍ॅडिपोनेक्टिन, आणि मला हे जास्त गमतीचं वाटतं. ते यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावतं. बनतं चरबीतच, पण चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. म्हणून चरबी अजिबात नको, असंही नाही. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आजारात शरीरात चरबीच जवळजवळ नसते, तरी अशा रुग्णांना तीव्र मधुमेह होतो. साठवायला जागा नाही म्हटल्यावर मेद यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो.

वय वाढताना थोड्या प्रमाणात हेच घडतं. हातापायांच्या, मांड्यांच्या त्वचेखालची चरबी उतरते आणि पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती साचते. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हा बदल चांगलाच जाणवतो. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त थेट यकृताकडे जातं, त्यामुळे तिथून सुटलेली स्निग्धाम्लं (चरबी फुटून निघणारी आम्लं) आधी यकृतालाच गाठतात. शिवाय म्हाताऱ्या चरबीत काही पेशी अशा उरतात की त्या विभागतही नाहीत आणि मरतही नाहीत. त्या इंटरल्युकिन-6 सारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात. आजूबाजूच्या धडधाकट पेशीही मग नीट काम करेनाशा होतात.

म्हणूनच कंबरेला टेप लावणं मला काट्यावर उभं राहण्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं. भारतीयांसाठी पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

मग अ‍ॅडिपोनेक्टिनची गोळीच का नाही? 2021 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी दाखवलं की हे हॉर्मोन नसलेले उंदीर लवकर मरतात. शंभरी गाठलेल्या माणसांत त्याचं प्रमाण जास्त आढळलंय. पण म्हाताऱ्या माणसांच्या मोठ्या पाहण्यांत उलटंच दिसतं: ज्यांचं अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त, त्यांच्यात मृत्यूही जास्त. हृदय थकलं किंवा आजारपणात वजन झपाट्याने उतरलं की हे हॉर्मोन वाढतं, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. म्हणजे सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टवर हा आकडा मोठा दिसला, तर तो तब्येत ठणठणीत असल्यामुळेही असेल किंवा हृदय थकल्यामुळेही.