एकच क्लायंट, की दर वेळी नवा?

हिंजवडीत बसून लिहिलेला एखादा प्रोग्रॅम दिवसभर दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरला विचारत असतो: पैसे जमा झाले का, पार्सल कुठवर आलं. हे विचारण्याचं काम प्रोग्रॅममधला ‘क्लायंट’ करतो. आता प्रत्येक प्रश्नाला नवा क्लायंट बनवायचा, की एकच बनवून सगळ्यांनी वापरायचा?

पहिली पद्धत नीटनेटकी वाटते. वापरला, आवरून टाकला. पण क्लायंट बनवणं स्वस्त असलं, तरी त्याच्या पोटातली जोडणी महाग असते. बाणेरच्या सोसायटीत डिलिव्हरीवाल्याला दर फेरीला गेटवर नाव-नंबर लिहावा लागतो, वॉचमन वर फोन लावतो, मग आत सोडतो. नव्या जोडणीचंही तसंच.

हिशोब करून पाहा. सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला आहे असं धरू. पुण्याहून सरळ रेषेत अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. टीसीपीची, म्हणजे डेटा ने-आण करणारी मूळ जोडणी जुळायला अशी एक फेरी, टीएलएस १.३ च्या, म्हणजे संवाद गुप्त ठेवणाऱ्या कुलूपकिल्लीला दुसरी, आणि मग कुठे खरा प्रश्न निघतो. उघड्या जोडणीवर जे १३० मध्ये झालं असतं, त्याला ३९० लागले. इथे महागडा प्रोसेसर घेऊन काही उपयोग नाही. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने, म्हणजे वेबवरच्या प्रश्नोत्तरांच्या नियमसंचाने, जोडणी उघडी ठेवणं हाच नेम केला, तो याचसाठी.

वेळेपेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. जोडणी जो आधी बंद करतो, त्याच्याकडे ती लगेच मरत नाही; ‘टाइम-वेट’ अवस्थेत रेंगाळते. वाटेत अडकलेलं जुनं पॅकेट (डेटाचा तुकडा) उशिरा येऊन नव्या जोडणीत घुसू नये म्हणून ही खबरदारी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती ६० सेकंद चालते, आणि तेवढा वेळ एक पोर्ट, म्हणजे जोडणीला मिळणारा दारक्रमांक, अडकून पडतो. बाहेर जाण्यासाठी लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट वापरतं, म्हणजे २८,२३२. त्याला ६० ने भागा: एकाच सर्व्हरकडे सेकंदाला ४७० च्या आसपास नव्या जोडण्या, त्यापुढे पोर्टच शिल्लक नाहीत. चाचणीत दहा जण वापरतात तेव्हा हे कधीच दिसत नाही. दिवाळीच्या सेलला दिसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: क्लायंट एकच ठेवा. मात्र जोडणी सामाईक असावी, ओळख नव्हे. सामाईक क्लायंटच्या कायमच्या हेडरमध्ये (प्रत्येक प्रश्नाबरोबर जाणाऱ्या माहितीत) एका ग्राहकाचं लॉगिन टोकन, म्हणजे ओळखपत्र, लिहिलं, की त्याच क्षणी दुसऱ्याची मागणी, म्हणजे सर्व्हरला विचारलेला प्रश्न, त्याच टोकनवर जाऊ शकते, आणि एकाची खातेमाहिती दुसऱ्याच्या पडद्यावर उमटते. हा दोष हळू चालण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. टोकन त्या-त्या मागणीलाच जोडायचं.

दुसरी काळजी पत्त्याची. जोडणी उघडताना डीएनएसला (सर्व्हरच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारलेला आयपी पत्ता ती बंद होईपर्यंत तोच राहतो. सर्व्हर हलवला, तरी जुनी जोडणी जुन्याच दाराशी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेत २०१८ पासून अशा जोडण्यांना आयुष्यमर्यादा घालता येते. काही मिनिटांची पुरते.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये काय चाललंय हे बघायचं तर गर्दीच्या वेळी ‘नेटस्टॅट’ ही जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा आणि टाइम-वेटच्या ओळी मोजा. मागण्यांबरोबर त्या हजारांनी वाढत असतील, तर कुठल्यातरी लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, क्लायंट बनतोय.