काच तीच, बोर्ड दुसरा: डिस्प्ले ड्रायव्हर आणि होस्टची कुवत

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ‘पॅनेल’ म्हटलं की आधी पत्र्याचं कपाटच आठवतं, आत कॉन्टॅक्टर, रिले आणि बसबार असलेलं. इथे विषय त्या कपाटाच्या दारावरच्या एचएमआयच्या, म्हणजे मशीन चालवायच्या पडद्याच्या, काचेचा आहे: ७ इंची, ८०० × ४८०, मागून ५० पिनांची रिबन. मोल्डिंग मशिनवर ती असते, दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षांच्या प्रीकूलिंग खोलीबाहेरही असते. प्रोसेसर बोर्ड बाजारातून बंद झाला आणि दुसरा घ्यावा लागला की घोळ सुरू होतो. काच तीच, रिबन तीच, पण पडदा पांढरा राहतो, चित्र सरकून येतं, नाहीतर लाल रंग निळा दिसतो. काच बहुधा धडधाकट असते. जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे काच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काचेची माहिती आणि जुन्या होस्ट कंट्रोलरच्या, म्हणजे बोर्डावरून काचेला चित्र पाठवणाऱ्या भागाच्या, सवयी यांची खिचडी झालेली असते, आणि त्या सवयी नव्या बोर्डाला माहीत नसतात. ही खिचडी कशी शिजली याचा इतिहास जुना आहे.

सुरुवातीला उलट स्थिती होती: डिस्प्लेच होस्टशी जमवून घ्यायचा. १६ × २ अक्षरी एलसीडीमधला हिताचीचा एचडी४४७८० हा कंट्रोलर घ्या. ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकलेल्या प्रत्येकाने त्याच्याशी झटापट केलेली असते. त्याची डेटा बस ८ बिटांची, पण पिना कमी असलेल्या मायक्रोकंट्रोलरसाठी ४ बिटांतही चालणारी. चालू होताना चिप कुठल्या अवस्थेत आहे हे होस्टला कळत नाही, म्हणून डेटाशीटने विधीच घालून दिला: वीज आल्यावर १५ मिलिसेकंद थांबा, ३ पाठवा, ४.१ मिलिसेकंद थांबा, पुन्हा ३, १०० मायक्रोसेकंद, पुन्हा ३, आणि मग ४ बिटांत या. साध्या आज्ञेला ३७ मायक्रोसेकंद, पडदा पुसायला १.५२ मिलिसेकंद. आर/डब्ल्यू (वाचायचं की लिहायचं हे सांगणारी) पिन जमिनीला जोडून टाकली की ‘बिझी’ खूण वाचता येत नाही, मग हे थांबे डोळे मिटून पाळावे लागतात. होस्टकडे एक तार कमी, तर ड्रायव्हरमध्ये थांबे जास्त. पुढच्या चार दशकांत हेच गणित वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिलं.

रंगीत टीएफटी आले तेव्हा वारसा आला तो काचेच्या पिक्चर ट्यूबचा. फ्रंट पोर्च, बॅक पोर्च, एचसिंक, व्हीसिंक हे शब्द इलेक्ट्रॉन झोताला ओळ संपवून परत फिरायला लागणाऱ्या वेळेचे. एलसीडीत झोत नाही, पण रिकामा वेळ तसाच ठेवला गेला. ८०० × ४८० च्या काचेला आडवे एकूण १०५६ आणि उभे ५२५ ठोके लागतात. सेकंदाला ६० फ्रेम धरून १०५६ × ५२५ × ६० केलं की पिक्सेल घड्याळ ३३.२६ मेगाहर्ट्झ येतं. ४८० × २७२ च्या ४.३ इंची काचेला ५२५ × २८६ × ६०, म्हणजे साधारण ९ मेगाहर्ट्झ. अशा काचेला आज्ञा नसतात, आठवणही नसते. होस्ट सतत पिक्सेल ओतत राहतो. म्हणजे ड्रायव्हर हा नुसता आकड्यांचा तक्ता.

तक्ता सोपा, पण आकडे होस्टला जमायला हवेत. बऱ्याच कंट्रोलरमध्ये पिक्सेल घड्याळ एका मूळ घड्याळाला पूर्णांकाने भागून मिळतं. मूळ १०० मेगाहर्ट्झ असेल तर ३ ने भागून ३३.३३ येतात, काम झालं. मूळ ४८ असेल तर हाती येतात ४८ किंवा २४, मधलं काही नाही. २४ वर तोच तक्ता चालवला तर फ्रेमदर ४३ हर्ट्झवर घसरतो आणि पडदा लुकलुकतो. या वर्गातल्या एका फार खपलेल्या काचेचं डेटाशीट पाहिलं तर घड्याळ २६.४ ते ४६.८ मेगाहर्ट्झ, आडवी ओळ ८६२ ते १२००, उभ्या ओळी ५१० ते ६५० अशी मुभा दिलेली आहे. ३३.२६ हा मधला आकडा. काचेची अट तेवढीच नाही. ज्याने ड्रायव्हरमध्ये फक्त मधला आकडा लिहिला त्याने होस्टची सगळी मुभा काढून घेतली. ज्याने किमान, नेहमीचा आणि कमाल असे तिन्ही लिहिले, त्याचा ड्रायव्हर दुसऱ्या बोर्डावरही तग धरतो. लिनक्समध्ये हे तीन आकडे एकत्र ठेवणारी रचना आहे आणि डिव्हाइस ट्रीमध्येही, म्हणजे बोर्डावर काय जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमध्येही, ती लिहिता येते. तरी आजही अर्ध्याहून जास्त लोक एकच आकडा चिकटवतात असं वाटतं. घाई, दुसरं काय.

लिनक्सच्या एफबीडेव्ह या जुन्या डिस्प्ले व्यवस्थेच्या काळात खिचडी सगळ्यात दाट होती. एआरएम बोर्डांवर काचेचे आकडे बोर्डाच्या सी फाइलमध्ये कोरलेले असत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपची डिस्प्ले व्यवस्था स्वतंत्र आणि तिच्यासाठी काचांचे ड्रायव्हरही स्वतंत्र. तीच काच दुसऱ्या कंपनीच्या चिपवर लावायची तर ड्रायव्हर नव्याने लिहायचा. केएमएस, म्हणजे पडद्याचा मोड कर्नेलनेच ठरवण्याची पद्धत, २००९ मध्ये २.६.२९ आवृत्तीत आलं, पण ते डेस्कटॉप ग्राफिक्सच्या अंगाने वाढलेलं. ग्राफिक्स कार्डाचा मॉनिटर ईडीआयडीतून स्वतःची ओळख सांगतो, उघडी काच काहीच सांगत नाही. २०१२ मध्ये काचेचा ड्रायव्हर होस्टपासून वेगळा काढणारी एक सामाईक चौकट मांडली गेली. ती मुख्य कर्नेलमध्ये शिरली नाही, पण तिने प्रश्न नीट मांडला. २०१४ च्या ३.१४ आवृत्तीत त्याहून आटोपशीर, डीआरएमची, म्हणजे लिनक्सच्या ग्राफिक्स व्यवस्थेची, पॅनेल चौकट आली. तिच्या पुढे स्थिरावलेल्या रूपात काचेच्या ड्रायव्हरने मोजकीच कामं करायची: मोड सांगणे, तयार करणे, चालू करणे, बंद करणे आणि वीज काढणे. ‘तयार’ म्हणजे वीज आणि रीसेट देऊन आज्ञा घेण्याजोगी अवस्था. ‘चालू’ म्हणजे पिक्सेल वाहू लागल्यावर बॅकलाइट लावणे. दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या म्हणून चालू होतानाचा पांढरा झटका दिसत नाही.

समांतर तारांच्या रिबनवाल्या काचांना ही विभागणी चपखल बसली. मोबाइलमधून आलेल्या डीएसआय काचांनी मात्र तिची परीक्षा घेतली. मिपी अलायन्स ही मोबाइलमधल्या जोडण्यांची मानकं ठरवणारी संघटना, स्थापना २००३ ची. तिच्या डीएसआयमध्ये एकाच जोड-तारांवरून पिक्सेलही जातात आणि आज्ञाही: हेक्स ११ म्हणजे झोपेतून जाग, २९ म्हणजे पडदा चालू, ३६ म्हणजे दिशा, ३ए म्हणजे पिक्सेलचा प्रकार. ११ नंतर किमान ५ मिलिसेकंद थांबायचं. व्यवहारात बऱ्याच काचांना १२० लागतात. आज्ञा मंद मार्गाने, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिटांच्या आत पाठवता येतात किंवा वेगवान मार्गाने. कागदावर दोन्ही चालतात, होस्टवर चालतीलच असं नाही.

ऑलविनर ए३१ च्या डीएसआय होस्टचं उदाहरण बोलकं आहे. एकदा वेगवान मार्गाने व्हिडिओ सुरू झाला की त्याला आज्ञा पाठवता येत नाहीत असं दिसून आलं. काचेचे कित्येक ड्रायव्हर मात्र २९ ची आज्ञा ‘चालू’ पायरीत पाठवतात. म्हणून लिनक्समधल्या होस्ट ड्रायव्हरलाच क्रम फिरवून घ्यावा लागला: आधी काच चालू, मग वेगवान मार्ग, आणि ‘खरं तर हे असं नको’ अशी कबुली कोडमध्ये लिहून ठेवली. दुसरीकडे काही काचांना रीसेट सोडण्याआधीच होस्टच्या तारा एलपी-११ या विश्रांत स्थितीत हव्या असतात, तर जुन्या क्रमात काच आधी आणि होस्ट नंतर जागा होत असे. अखेर २०२३ मध्ये काचेच्या ड्रायव्हरला ‘माझ्याआधी होस्टला तयार कर’ असं सांगणारा एक झेंडा मिळाला. दिसायला एक बिट, पण तोवर प्रत्येकाने आपापल्या होस्ट ड्रायव्हरमध्ये आडमार्ग काढलेला होता.

लेनचं, म्हणजे डीएसआयच्या डेटा जोड-तारांचं, गणित आधीच करून ठेवावं. ८०० × १२८० ची काच, एकूण ९०० × १३१० धरले तर ६० हर्ट्झला ७०.७४ मेगाहर्ट्झ, २४ बिटांनी गुणलं की १६९८ मेगाबिट. चार लेनवर प्रत्येकी साधारण ४२५, दोनच लेन जोडल्या तर ८४९. होस्टचा फिजिकल थर तेवढा वेग झेपवतो का, हे पीसीबी काढण्याआधी पाहायचं असतं. काच चार लेन मागते आणि होस्टकडे दोनच असतील, तर चांगला होस्ट ड्रायव्हर जोडणीच्या क्षणी नकार देतो; वाईट ड्रायव्हर काळा पडदा देतो.

रास्पबेरी पायच्या ब्रॉडकॉम चिपने याच्या उलट बाजू दाखवली. तिथे डीएसआयचं घड्याळ एका सामाईक पीएलएलला (घड्याळ बनवणाऱ्या सर्किटला) पूर्णांकाने भागून मिळतं, आणि त्या पीएलएलवर बाकी पेरिफेरलही लटकलेले असल्याने तो हलवता येत नाही. नेमकं घड्याळ मिळालं नाही तर होस्ट ड्रायव्हर वरचं घेतो आणि आडवा फ्रंट पोर्च वाढवून फ्रेमदर राखतो. काचेच्या ड्रायव्हरला याचा पत्ताही लागत नाही. जबाबदारी अशीच वाटली जावी: होस्टची अडचण होस्टनेच सोडवावी, काचेने मुभा तेवढी द्यावी.

एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवर चालणाऱ्या छोट्या काचांवर हे सगळं अगदी जवळून दिसतं. २४० × ३२० च्या आयएलआय९३४१ या चिपची एक फ्रेम, पिक्सेलला १६ बिट धरून, १२,२८,८०० बिटांची. डेटाशीटप्रमाणे लिहिण्याचा ठोका किमान १०० नॅनोसेकंदांचा, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. एका फ्रेमला १२३ मिलिसेकंद, सेकंदाला आठच फ्रेम. पुष्कळ जण ३२ मेगाहर्ट्झवर चालवतात आणि चालतंही, पण ती डेटाशीटबाहेरची उधारी आहे.

या चिपला आज्ञा आणि डेटा यांतला फरक दोन प्रकारे सांगता येतो: वेगळी डी/सी तार देऊन, किंवा प्रत्येक बाइटच्या पुढे नववा बिट लावून. दुसऱ्या प्रकारात तार वाचते, पण पुष्कळ एसपीआय कंट्रोलरना ९ बिटांचा शब्द माहीतच नसतो. २०१७ मध्ये मुख्य कर्नेलमध्ये आलेल्या टायनीडीआरएम या छोट्या काचांच्या ड्रायव्हर-संचाने यावर सुबक तोड काढली. ड्रायव्हर होस्टला विचारतो की ९ बिट येतात का. ‘नाही’ म्हटलं तर ९ बिटांचे ८ शब्द, म्हणजे ७२ बिट, ९ साध्या बाइटांत भरून पाठवतो. आज्ञा एकच असेल तर तिच्या पुढे निरर्थक शून्य आज्ञा भरून ९ बाइट पुरे करतो. आधीच्या एफबीटीएफटी या ड्रायव्हर-संचाच्या काळात अशा गोष्टी काचेगणिक निस्तराव्या लागत.

१६ बिटांचं तसंच. प्रोसेसरच्या मेमरीत पिक्सेलचा खालचा बाइट आधी असतो, काचेला वरचा आधी हवा असतो. कंट्रोलर १६ बिटांचे शब्द पाठवत असेल तर क्रम आपोआप बरोबर पडतो. ८ च बिट येत असतील तर प्रत्येक फ्रेमला १,५३,६०० बाइटांची अदलाबदल प्रोसेसरच्या माथी. ती राहून गेली तर लाल निळा दिसतो, हिरवा लालसर आणि निळा हिरवा. काळा-पांढरा मात्र ठीक. नुसती लाल-निळ्याची अदलाबदल झाली असेल तर हिरवा जागेवर राहतो. म्हणून चाचणीला फोटो लावू नये, शुद्ध हिरवा पडदा लावावा. दोष कुठला ते लगेच कळतं.

लाल-निळ्याचा सगळ्यात चिवट घोळ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्सचा, म्हणजे बीगलबोन ब्लॅकवरच्या चिपचा. तिच्या एलसीडी कंट्रोलरमध्ये १६ बिटांच्या आणि २४ बिटांच्या पद्धतीत लाल आणि निळ्याच्या तारा एकमेकींच्या जागी येतात. तारा एकदा पीसीबीवर ओढल्या की एक पद्धत सरळ आणि दुसरी उलटी. हा दोष काचेचा नाही, तरी कित्येकांनी काचेच्या ड्रायव्हरमध्ये ३६ च्या आज्ञेतला बीजीआर बिट उलटवून तो झाकला. बोर्ड बदलला की झाकण उलटं पडतं. नीट उत्तर डिव्हाइस ट्रीमध्ये आहे: लाल-निळ्याची जोडणी सरळ की तिरकी, हे बोर्डाच्या नोंदीत लिहायचं, म्हणजे होस्ट त्याला जमणारेच पिक्सेल प्रकार पुढे करतो. त्याच नोंदीत कमाल रुंदी आणि कमाल पिक्सेल घड्याळही सांगता येतं.

जुनी काच नव्या बोर्डावर आणताना म्हणून ड्रायव्हरमधली प्रत्येक ओळ एका प्रश्नावर तपासावी: ही अट काचेच्या डेटाशीटमध्ये सापडते का? थांबे, वीज चढवण्याचा क्रम, डेटा घड्याळाच्या कुठल्या कडेला पकडायचा, डीई (डेटा वैध असल्याची खूण) वर की खाली, हे तिथे सापडतं. मूळ घड्याळाचा भागाकार, डीएमएची (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवण्याची) लांबी, बाइटांचा क्रम तिथे सापडत नाही, त्या ओळी होस्टकडे जायच्या. घड्याळाची कड चुकली तर चित्र पूर्ण येतं, फक्त अक्षरांच्या कडांना रंगीत दाणे दिसतात, आणि मग दोन दिवस रिबन बदलण्यात जातात.