‘मुलाला सांगू नका’ हा सल्ला चुकीचा

‘अपंगत्वाचा विषय मुलासमोर काढू नका, न्यूनगंड येतो’ हा सल्ला कोल्हापुरात अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. कमी दिसणाऱ्या मुलीचंच घ्या: फळा नीट दिसत नाही हे तिला आधीच ठाऊक असतं; घरचे गप्प बसले की ती फक्त लाज शिकते. तिला शब्द द्या: “सर, मला कमी दिसतं. पहिला बाक द्या आणि फळ्यावरचं मोठ्यानं वाचा.” घरी चार-पाचदा तिच्याकडून म्हणवून घ्या, मग वर्गशिक्षकांशी तिलाच बोलू द्या. बिघडतं ते इथंच, आई पुढं होऊन उत्तर देते.

दहावीच्या परीक्षेला लेखनिक (ती सांगेल ते उत्तर लिहून देणारा) किंवा जादा वेळ ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्येच ती तरतूद आहे. शाळेमार्फत अर्ज करण्याआधी तिला काय हवं, ते तिलाच विचारा.