फिकट पिवळा की गडद निळा?

लातूरच्या घरी समोरच्या खोलीला रंग द्यायचं निघालं, तेव्हा आई फिकट पिवळ्यावर अडून बसली आणि धाकटा भाऊ गडद निळ्यावर. निळ्यानं खोली तापेल, हे आईचं म्हणणं. मे महिन्यात पारा ४० च्या वर जाणाऱ्या गावात ही धास्ती साहजिकच.

पण खोली तापते ती मुख्यतः वरच्या स्लॅबनं. दिवसभर ऊन प्यालेला स्लॅब रात्री खाली अवरक्त किरण सोडतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या किरणांना पिवळा काय नि निळा काय. भिंतीचा कुठलाही साधा रंग त्यांतले जवळपास ९० टक्के शोषून घेतो. गारवाच हवा असेल तर चुना गच्चीवर मारावा. जुनी माळवदं (मातीची सपाट छतं) गार राहायची तीही जाड थरामुळे.

खरा फरक आहे उजेडाचा. खिडकीतून आलेला प्रकाश कॅरमच्या सोंगटीसारखा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो. भिंत ८० टक्के प्रकाश परतवत असेल, तर १०० चे आधी ८०, मग ६४, मग ५१... सगळी बेरीज ५०० पर्यंत जाते. २० टक्केच परतवणाऱ्या गडद रंगात ती १२५ वर अडकते. म्हणजे चौपट फरक! अर्थात हा हिशेब छत-फरशीसकट सगळं एकाच रंगाचं धरून. पांढरं छत आणि शहाबादी फरशी असली की फरक बराच कमी होतो.

शेडकार्डावरचा रंग भिंतीवर भडक का दिसतो, तेही यातच आलं. समजा, पिवळा रंग तांबडा प्रकाश ८० टक्के परतवतो आणि निळा प्रकाश ६० टक्के. एका टप्प्यात फरक किरकोळ. सगळे टप्पे जमेस धरले, की भिंतींवरून परतलेल्या उजेडात तांबड्याचे ४०० आणि निळ्याचे १५० उरतात. म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक घर फिकी घ्यावी, आणि आधी भिंतीवर दोन फुटांचा पट्टा मारून तो सकाळी, दुपारी, दिव्यात पाहावा. पिवळसर बल्बच्या प्रकाशात निळा भाग कमीच असतो. त्यात भावाचा निळा चक्क काळपट दिसला.

शेवटी निळा लागला खिडकीच्याच भिंतीला. तिच्यावर बाहेरचा उजेड थेट पडतच नाही, त्यामुळे तिथे गडद रंगाचं नुकसान सगळ्यात कमी. फक्त दुपारी त्या निळ्यात खिडकी डोळ्यांवर येते, मग आई पुटपुटत पडदा ओढते.