मॉडेल विमानाचे आच्छादन आणि ‘स्वतः बांधले’ या अटीचा वाद : पार्श्वभूमी
मॉडेल विमानांच्या काही स्पर्धांत मॉडेल उडवणाऱ्यानेच ते बांधलेले असावे अशी अट असे; तयार सांगाड्यावर फक्त आच्छादन चढवणारा ‘बांधणारा’ ठरतो का, हा तो वाद. बाल्साच्या (अतिशय हलक्या लाकडाच्या) सांगाड्यावर पातळ आवरण ताणून बसवण्याची पद्धत मॉडेलकारांनी खऱ्या विमानांकडून घेतली. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या पंखांवर लिननचे कापड आणि त्यावर सेल्युलोजयुक्त डोप, म्हणजे सुकताना कापड ताणणारे लाखेसारखे लेपन, असे. ब्रिटनमध्ये या डोपमधील टेट्राक्लोरोइथेनमुळे कामगारांना विषारी कावीळ होऊन मृत्यू ओढवले, तेव्हा तो द्रावक सोडून द्यावा लागला. मॉडेलांत कापडाऐवजी जपानी टिश्यू हा पातळ कागद आला आणि मोठ्या मॉडेलांवर रेशीम.

टिश्यू चिकटवून त्यावर पाणी फवारले की तो सुकताना ताणला जातो. नंतर पातळ केलेल्या डोपचे थर त्याची छिद्रे बुजवतात आणि ताण आणखी वाढवतात. या ताणामुळेच पंख पिळवटत नाही, म्हणजे आच्छादन हा रचनेचाच भाग असतो. (दमट हवेत मात्र डोप पांढुरके पडते, कोकणातल्या पावसाळ्यात हे काम काढू नये.)

1947 च्या सुमारास मॉडेलच्या छोट्या इंजिनात इंधन पेटवणारा ग्लो प्लग बाजारात आला आणि मिथेनॉल, नायट्रोमिथेन व एरंडेल तेलाचे इंधन रूढ झाले. हे इंधन नायट्रेट प्रकारचे डोप मऊ करते, म्हणून खाली नायट्रेट आणि वर इंधनाला टिकणारे ब्युटिरेट प्रकारचे डोप अशी जोडी वापरात आली. 1960 च्या दशकात उष्णतेने आकसणारी रंगीत प्लॅस्टिक फिल्म आल्यावर अनेक दिवस चालणारे थर, घासणे आणि वास यांची जागा छोट्या इस्त्रीने घेतली. फिल्म पंखाला टिश्यूइतका पीळरोधक ताठपणा देत नाही, ही उणीव सांगाडाच अधिक भक्कम करून भरून काढावी लागली. सोयीच्या कौतुकात ही किंमत सहसा सांगितली जात नाही.

कारखान्यात जोडलेले, फक्त आच्छादन बाकी असलेले सांगाडे विकले जाऊ लागल्यावर खरा तंटा उभा राहिला. अमेरिकेतील कंट्रोल-लाइन (हातातल्या तारांनी नियंत्रित केलेल्या विमानांच्या) कसरतींच्या स्पर्धांत मॉडेलच्या दिसण्यासाठी 20 पर्यंत गुण असतात आणि मॉडेल उडवणाऱ्यानेच ते बांधलेले असावे अशी अट होती. नियमाच्या भाषेत बांधणारा म्हणजे कच्च्या मालापासून, किंवा सर्वसाधारण किटमध्ये असते त्याहून अधिक तयार नसलेल्या भागांपासून मॉडेल रचणारा. काही मिनिटांच्या अकुशल श्रमात पुरे होणारी मॉडेले बाद. पण रेशीम, डोप, घासणे, रंग आणि चकाकी यांना कित्येक आठवडे लागतात, आणि त्यांना अकुशल श्रम कोणीही म्हणणार नाही. गुण याच कामासाठी मिळतात, मग ते करणारा बांधणारा का नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. ज्याने फासळी कापली नाही, पंख सरळ जोडला नाही, तो केवळ रंगारी ठरतो, असे दुसरी बाजू म्हणत होती. दुसऱ्या बाजूचा मुद्दा नियमाच्या शब्दांना धरून आहे, पण आच्छादन म्हणजे निव्वळ सजावट हे तिचे गृहीतक, टिश्यू-डोपचा काळ पाहता, टिकत नाही.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील मुक्त उड्डाणाच्या (सोडल्यावर नियंत्रणाविना उडणाऱ्या मॉडेलांच्या) वर्गांतून ही अट पुढे काढून टाकली गेली, कारण विकत घेतलेली कार्बन-संमिश्र मॉडेले तिथे सर्रास झाली होती. प्रतिकृती विमानांच्या, म्हणजे खऱ्या विमानांच्या प्रमाणबद्ध नकलांच्या, मुख्य वर्गात मात्र ती राहिली. तिथे रंग, खुणा आणि पृष्ठभाग हीच परीक्षकांच्या तपासणीची मोठी बाब असते.