छोटा चॉपर घेताना : वॅट, पाते आणि कांद्याच्या पेशी

विजेवर चालणाऱ्या छोट्या चॉपरच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो वॅटचा आकडा, आणि दुकानात उभा असलेला ग्राहकही बहुधा त्याच आकड्यावरून यंत्राची पारख करतो. या सवयीचे मूळ आपल्या मिक्सरमध्ये आहे. परदेशी बनावटीच्या मिक्सरच्या मोटारी भारतीय वाटणापुढे टिकत नाहीत, हे पाहून सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६०च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर घडवला, तो दणकट मोटारीच्या भरवशावरच. तेव्हापासून ५०० वॅट, ७५० वॅट हे आकडे घरोघरी विश्वासाची खूण झाले, आणि भिजवलेली डाळ किंवा सुके मसाले वाटणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ते बरेचसे रास्तही आहे. चॉपरला मात्र वाटायचे नसते, चिरायचे असते, आणि चिरायला किती ऊर्जा लागते याचा हिशेब मांडला की वॅटचे महत्त्व बरेच कमी होते.

भाजी कापणे म्हणजे तिच्यात नवे पृष्ठभाग उघडणे. भाज्यांच्या बाबतीत एक चौरस मीटर नवा पृष्ठभाग उघडायला ढोबळमानाने काही शे ज्यूल ऊर्जा लागते. शंभर ग्रॅमचा एक मध्यम कांदा सुमारे पाच मिलिमीटरच्या तुकड्यांत चिरला, तर तिन्ही दिशांच्या सर्व कापांचे क्षेत्रफळ मिळून ०.०६ चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे लागणारी ऊर्जा वीस-तीस ज्यूलच्या घरात असते. अडीचशे वॅटची मोटार एका सेकंदात २५० ज्यूल ऊर्जा विजेतून घेते. त्यातली काही मोटारीतच उष्णता होऊन जाते, थोडी आवाजात जाते, बरीचशी तुकडे भांड्यात नुसतेच फिरवण्यात खर्च होते, आणि तरीही कांद्याच्या वाट्याला गरजेहून अधिकच येते. दोरी ओढून चालवायचा प्लॅस्टिकचा चॉपर निव्वळ हाताच्या बळावर कांदा बारीक करतो, याचे कारणही हेच आहे, कारण तेवढी शक्ती माणसाचा हात थोडा वेळ सहज देऊ शकतो. त्यामुळे सकाळच्या पोह्यांचा कांदा आणि चार मिरच्या एवढेच काम असेल आणि मनगट किंवा खांदा कुरकुरत नसेल, तर विजेच्या चॉपरची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दाण्याचे कूट, गाजराचा कीस वाटावा इतका बारीक चुरा, खिमा किंवा सात-आठ माणसांच्या जेवणाची तयारी रोजची असेल, तर मात्र ही खरेदी सार्थकी लागते.

मग चांगला आणि वाईट चॉपर यांत फरक कशाने पडतो, हे समजण्यासाठी भांड्यात काय घडते ते पाहावे लागते. विळीवर भाजी चिरताना आपण ती हाताने पात्यावर दाबतो आणि दाबता दाबता पात्याच्या वक्र धारेवरून पुढे सरकवतो. पोळपाटावर सुरी चालवताना खालचा पाट भाजीला आधार देतो. चॉपरमध्ये तुकड्याला धरून ठेवणारे कोणीच नसते. पाते येऊन आदळते त्या क्षणी तुकडा जागचा हलण्यापूर्वी कापला जातो, तो केवळ त्याच्या स्वतःच्या जडत्वामुळे. यासाठी पात्याला वेग लागतो. मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या चार सेंटिमीटर लांबीच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे आठ मीटर वेगाने फिरत असते, आणि कांदा किंवा टोमॅटो कापायला एवढा वेग पुरतो. मिक्सरची मोटार रिकामी फिरताना मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास फेरे घेते. त्या वेगात कांद्याचे तुकडे होऊन थांबण्याची वेळच येत नाही, थेट लगदा होतो, आणि म्हणून मिक्सरच्या नेहमीच्या भांड्यात कांदा ‘चिरण्याचा’ प्रयत्न बहुधा फसतो.

वेग कमी ठेवला तर दुसरी अडचण येते. सगळे तुकडे पात्याबरोबरच गोल फिरू लागतात, पाते आणि तुकडा यांच्या वेगांतला फरक घटतो आणि कापणे थांबून नुसते ढवळणे सुरू होते. हे टाळण्यासाठी चांगल्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर उभ्या कडा काढलेल्या असतात, ज्यांना अडकून तुकडे मागे राहतात आणि पुढच्या फेऱ्यात पात्याखाली येतात. भांडे हातात घेऊन आतून बोट फिरवले तर या कडा आहेत की नाहीत हे लगेच कळते. पात्याचा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाकही शोभेचा नसतो. वक्र धारेवर आदळलेला तुकडा धारेवरून बाहेरच्या बाजूला घसरतो आणि दाबाबरोबर सरकण्याची क्रिया झाल्यामुळे कमी जोरात कापला जातो, जे विळीवर आपला हात करतो.

या साऱ्या प्रकारात एक गोष्ट यंत्राच्या हातात नसते, ती म्हणजे कोणत्या तुकड्यावर घाव पडेल. सुरीने चिरताना प्रत्येक काप ठरवलेला असतो, तर चॉपरमध्ये तो योगायोगाचा असतो. मोठ्या तुकड्यावर घाव पडण्याचा संभव अधिक असतो, त्यामुळे तुकडे हळूहळू लहान होत जातात खरे, पण तळाशी पडलेले दोन-चार तुकडे वारंवार कापले जाऊन त्यांचे पाणी होते आणि झाकणाजवळ चिकटलेली एखादी फोड अखेरपर्यंत शाबूत राहते. सलग दहा सेकंद यंत्र चालवण्यापेक्षा एकेक सेकंदाचे झटके देऊन मध्ये थांबण्याचा सल्ला दिला जातो तो यासाठीच, कारण त्या थांबण्यात वर उडालेले तुकडे खाली येतात आणि पुन्हा सरमिसळ होते. तेव्हा बटण दाबले की तत्क्षणी सुरू होणारा आणि सोडताच थांबणारा चॉपर मला कोणत्याही जादा वॅटपेक्षा मोलाचा वाटतो. काही यंत्रांत बटण सोडल्यावरही पाते दोन-तीन सेकंद फिरत राहते, आणि कोथिंबिरीच्या बाबतीत तेवढ्यात बिघडायचे ते बिघडते. एकावर एक अशी दोन पाती असणे उपयोगी असते, कारण भांडे भरलेले असताना वरच्या थरालाही घाव मिळतात. मूठभर लसणासाठी मात्र वरचे पाते निरुपयोगी असते, आणि तिथे खालचे पाते तळाच्या किती जवळून फिरते हेच निर्णायक ठरते.

भांड्याचे आकारमानही याच कारणाने जपून निवडावे. भांडे अर्ध्याहून थोडे अधिक भरले की काप सर्वांत एकसारखे होतात. नऊशे मिलिलिटरच्या भांड्यात एकच कांदा टाकला, तर तुकडे भिंतीवर फेकले जाऊन तिथेच चिकटतात आणि पाते रिकामे फिरते. उलट भांडे गच्च भरले तर खाली चटणी आणि वर फोडी, अशी अवस्था होते. चौघांच्या घरात एका वेळी दोन-तीन कांदे लागतात असे धरले, तर सहाशे ते सातशे मिलिलिटरचे भांडे सोयीचे पडते. केवळ आले-लसूण-मिरचीसाठी घ्यायचा असेल तर अडीचशे मिलिलिटरचा छोटा चॉपर बरा, आणि ‘मोठा घेतला की सगळ्याला चालेल’ हा विचार इथे लागू पडत नाही.

पात्याच्या धारेचा प्रश्न चवीशी आणि डोळ्यांतल्या पाण्याशीही जोडलेला आहे. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुगे एका जागी आणि अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) वेगळ्या कप्प्यात असते. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते. तिच्यातून तयार होणारा सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड हा वायू डोळ्यांतल्या ओलाव्यापर्यंत पोहोचला की आग होते. हा वायू घडवणारे स्वतंत्र विकर जपानमधील संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढले. तीक्ष्ण धार पेशींच्या एका पातळ थरातून आरपार जाते, तर बोथट धार कापण्याआधी आजूबाजूच्या पेशीही चिरडते, म्हणून बोथट पात्याचा चॉपर कांद्याला अधिक उग्र करतो आणि पाणीही अधिक सोडवतो. कच्चा कांदा फार बारीक केला की तो कडवट लागतो, हाही या क्रियांचाच परिणाम आहे. आपल्याकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणासाठी कांदा आधी परतून किंवा भाजून घेण्याची रीत आहे, आणि तिच्यात रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोठे शहाणपण आहे, कारण उष्णतेने विकर निकामी झाल्यावर कांदा कितीही वाटला तरी तो उग्रपणा नव्याने तयार होत नाही. लसणात याच जातीच्या क्रियेतून अ‍ॅलिसिन हे उग्र संयुग बनते, त्यामुळे फोडणीत ठेचलेला लसूण आणि चॉपरमध्ये भुगा झालेला लसूण यांचे प्रमाण सारखे ठेवून चालत नाही. झाकणामुळे वाफ आत कोंडून राहते आणि कांदा चिरताना डोळे वाचतात हे खरे, परंतु ती नाहीशी झालेली नसते. झाकण उघडताना तोंड बाजूला घ्यावे.

धार टिकण्याचा संबंध पोलादाशी आहे, आणि येथे जाहिरातींनी थोडा गोंधळ केला आहे. ‘३०४ दर्जाचे स्टील’ असे अनेक खोक्यांवर अभिमानाने लिहिलेले असते. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले हे पोलाद गंजाला उत्तम तोंड देते आणि भांड्यांसाठी योग्यही आहे, पण तापवून व झटकन थंड करून ते कठीण करता येत नाही, त्यामुळे त्याची धार लवकर मऊ पडते. सुऱ्यांच्या पात्यांसाठी कार्बनचे प्रमाण जास्त असलेले, ४२० सारख्या वर्गातले पोलाद वापरतात, जे उष्णतासंस्काराने कठीण होते. त्याला लोहचुंबक चिकटतो. चुंबक चिकटला म्हणजे स्टील हलके, हा भांड्यांच्या दुकानातला समज पात्यांना लावला तर चांगले पातेच नाकारले जाण्याचा धोका आहे. अशा पोलादावर मात्र पाणी तसेच राहू दिले तर डाग पडू शकतात, म्हणून धुतल्यावर ते पुसून ठेवावे लागते.

दाण्याच्या कुटाला वेगळा न्याय लावावा लागतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते, आणि जास्त वेळ फिरवले की पेशींतून सुटलेले तेल आणि घर्षणाची उष्णता मिळून कुटाचा गोळा होतो. भाजलेले दाणे पूर्ण थंड करून झटक्या-झटक्याने फिरवले तर चॉपरमध्ये जाडसर कूट मिक्सरपेक्षा सुटे होते. कोथिंबीर हलकी आणि लवचीक असते, तिच्याकडे जडत्व फारसे नसते, म्हणून ओली जुडी कापली न जाता पात्याभोवती गुंडाळली जाते आणि काळपट पडते. ती धुऊन पूर्ण निथळून, काड्यांसकट थोडी मोठी चिरून टाकावी. कोशिंबिरीची काकडी तर मी चॉपरमध्ये घालूच नये असे म्हणेन. चोचवलेल्या काकडीचा करकरीतपणा या यंत्रातून येत नाही, पाणी तेवढे येते.

वॅटचा आकडा खऱ्या अर्थाने कामाला येतो तो सुके खोबरे, कच्चे गाजर किंवा मांस घातल्यावर. तिथे पाते अडते, मोटारीचा वेग उतरतो, आणि वेग उतरला की तिच्यातून वाहणारा विद्युतप्रवाह वाढतो. तारांच्या वेटोळ्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अडकलेली मोटार काही सेकंदांतच जळका वास देऊ लागते. प्लगवर चालणारे अडीचशे ते चारशे वॅटचे चॉपर हा भार काही वेळ पेलतात. यूएसबीने चार्ज होणारे छोटे चॉपर तीस-चाळीस वॅटचे असतात. त्यांतल्या ३.७ व्होल्ट आणि १,२०० मिलीअँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सुमारे १६,००० ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे एका चार्जिंगमध्ये काही मिनिटे निश्चित चालतील, आणि वीज गेलेली असताना त्यांचा आधारही होतो. आले-लसूण-मिरचीला ते छान आहेत, पण खोबऱ्याच्या तुकड्यांपुढे ते थबकतात. शिवाय बहुतेकांची बॅटरी बदलता येत नाही आणि काही शे चार्जिंगनंतर तिची क्षमता घटते, म्हणून स्वस्त दिसणारी ही खरेदी फार वर्षांची समजू नये. काही यंत्रांच्या तळाच्या पट्टीवर ‘केबी’ अशी रोमन अक्षरे आणि पुढे वेळेचा आकडा असतो. सलग किती वेळ चालवायचे याची ती मर्यादा असते, आणि छोट्या चॉपरमध्ये ती कित्येकदा अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते. विजेच्या बिलाची चिंता मात्र करू नये, कारण अडीचशे वॅटचा चॉपर रोज एक मिनिट वापरला तरी महिन्याला एका युनिटचा आठवा भागच खर्च होतो.

राहता राहिले भांडे आणि स्वच्छता. काचेचे भांडे जड असले तरी त्यावर हळदीचा डाग आणि लसणाचा वास बसत नाही, प्लॅस्टिकवर दोन्ही बसतात. मोटार झाकणात असेल तर ते नळाखाली धरता येत नाही, ओल्या फडक्याने पुसावे लागते, त्यामुळे झाकणाच्या आतल्या बाजूचा पडदा आणि रबरी कडे सुटे निघते का हे दुकानातच पाहून घ्यावे. तिथे अडकलेला कांदा दुसऱ्या दिवशी दुर्गंधी देतो, आणि कच्च्या मांसाचा अंश राहिला तर जंतूंची वाढ होते. झाकण नीट बसल्याशिवाय पाते फिरणार नाही अशी सोय हवी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. प्लगच्या यंत्रावर आयएसआय चिन्ह शोधावे, आणि पाते, भांडे व रबरी कडे सुटे विकत मिळतात का ते आधीच विचारून ठेवावे, कारण मोटार धडधाकट असताना बोथट पात्यापायी अख्खा चॉपर भंगारात काढावा लागतो, आणि हे सहज टाळता येते.