हरणाच्या शिकारीत धुरी देणं वेगळं आणि वास काढणं वेगळं

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक दोन गोष्टींची कायम गल्लत करतात, एक म्हणजे आपला वास झाकणं आणि दुसरी म्हणजे आपला वास काढून टाकणं. दुकानातही दोन्हीचं सामान एकाच रॅकवर लावलेलं असतं, त्यामुळे नवीन माणूस लाकडाच्या धुराची धुरी दिलेलं जॅकेट चढवतो आणि बिनधास्त झाडावर जाऊन बसतो की आता आपला वास गेला. तो गेलेला नसतो, त्याच्यावर फक्त दुसरा वास चढलेला असतो. (भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा हे सगळं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, सीझनमध्ये लायसन्स काढून होणाऱ्या व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या शिकारीबद्दल आहे, तिकडे कोणी करून बघू नका.)

बंदुकीवाल्याला लांबून जमतं, पण बाणवाल्याकडे हरीण वीस-तीस यार्डांवर यावं लागतं, आणि तेवढ्यात त्याच्या नाकाला काही खटकलं की मान वर होते, जिभेने नाक ओलं करतं, पुढचा पाय जमिनीवर आपटतं आणि फुर्र करून पांढरी शेपटी उभारून पसार.

आता झाकण्याबद्दल. यात कोल्ह्याचं मूत्र, पाइन, सीडर, मातीचा वास असलं काय काय येतं आणि सगळ्यात जुना आणि फुकटचा प्रकार म्हणजे लाकडाचा धूर. अडचण अशी की आपल्याला रश्शाचा एकच खमंग वास येतो तिथे हरणाला लसूण, खोबरं, लवंग सगळं वेगवेगळं कळतं असं समजा, म्हणजे धुराच्या आत माणूस आहे हे त्याला कळू शकतं. मग धूर का चालतो? तर जिथे घराघरात थंडीत लाकूड जळतं तिथल्या हरणांना तो रोजचाच असतो. दक्षिणेकडच्या राज्यांत तर जंगलखातं मुद्दाम आग लावून खालचा पाला जाळतं, आणि तिथे नवीन कोवळं फुटलं की हरणं आपणहून चरायला येतात. पण जिथे मैलोन्‌मैल कोणी चूल पेटवत नाही तिथे धूर हीच नवी गोष्ट ठरते, आणि नवी गोष्ट हरणाला आवडत नाही. म्हणून "धूर चालतो का" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठे बसणार आहेस?

वास काढण्याचं काम एकदम वेगळं. ताज्या घामाला फारसा वास नसतो, त्याच्यावर बॅक्टेरिया बसतात आणि मग वास सुटतो. म्हणून बिनवासाचा साबण, खाण्याचा सोडा, बंद डब्यात ठेवलेले कपडे, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे सूट. कार्बन वास धरून ठेवतो हे खरंय पण त्याची जागा भरत जाते, आणि आपला श्वास तर चालूच असतो ना, त्याला कुठला सूट घालणार. 2002 साली अमेरिकेत शोधपथकाची कुत्री घेऊन या कार्बनच्या कपड्यांची परीक्षा झाली होती, कुत्र्यांनी कपडे कुठले घातलेत ते न बघता जवळपास सगळी माणसं शोधून काढली. हरीण म्हणजे कुत्रा नाही हे मान्य, पण नाकाच्या बाबतीत मी हरणाला कमी धरणार नाही.

गोंधळ होतो त्याचं खरं कारण मात्र धुरातच आहे, कारण धूर थोडंसं दुसरं कामही करतो. लाकडातला लिग्निन हा घटक जळताना ग्वायाकॉलसारखी फिनॉल जातीची रसायनं तयार होतात, सोबत फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, याच गोष्टींमुळे धुरावलेलं मांस-मासळी टिकते. तेव्हा कपड्यावरचे बॅक्टेरियाही त्याने काही प्रमाणात दबतात. पण कपड्यावरचे हं! काखेतल्या घामाला धुराने काही होत नाही, तिथे आंघोळच लागते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बिनवासाच्या पावडरने धुवा, उघड्यावर वाळवा आणि मग धुरी द्या. सुगंधी डिटर्जंटवर धूर चढवला तर हरणाला दोन नवे वास मिळतात. धुरीसाठी मधमाशांवाले वापरतात तो स्मोकर उत्तम, आत वाळकी पानं आणि ओक किंवा हिकरीच्या लाकडाचे तुकडे, नीट पेटलं की भाता हळू दाबायचा आणि नळी हातभर लांब धरायची म्हणजे कपड्यापर्यंत धूर गार होऊन पोचतो. कॉलर, टोपी, सॅकचे पट्टे इथे जास्त वेळ द्या, घाम तिथेच मुरतो. लोकर धूर छान धरते, फ्लीसच्या सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली की भोक पडलंच. रॉकेल, प्लायवूड, रंगवलेलं लाकूड अजिबात नको, आणि ज्या शेकोटीवर बेकन भाजलंय तिच्यापाशी कपडे टांगू नका, तो धूर नाही, तो नाश्ता आहे.

आणि हे सगळं करूनही वाऱ्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. इथे मिल्कवीड नावाच्या रानटी झाडाची शेंग फोडून आतला कापसासारखा तंतू सोडतात, तो स्टँडवरून, म्हणजे झाडावरच्या मचाणावरून, सोडून बघा, सरळ जाईल असं वाटतं आणि वीसेक फुटांवर वळून खाली ओढ्याकडे उतरतो. सकाळी ऊन लागलं की उतारावरची हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली वाहते. ओढा हरणांची वाट असेल तर संध्याकाळी त्याच्या वरच्या अंगाला बसू नका, धुरी दिलेली असो नाहीतर कार्बनचा सूट असो.